गुरुपादप्पांची बुडी

दिनांक अकरा ऑक्टोबर रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी लातूरच्या मोंढ्यातले आडत व्यापारी गुरुपादप्पा यांनी मालदीवच्या समुद्रात बुडी मारली, असं बँकेचं म्हणणं आहे. त्याच वेळी आपण सोयाबीनच्या ढिगाशी उभे राहून लिलाव पुकारत होतो, असं गुरुपादप्पांचं म्हणणं आहे. ढिगाभोवती तेव्हा दीडशे शेतकरी, अठरा हमाल आणि समोरच्या ओट्यावर मी होतो. पण आमच्यापैकी कोणाकडेही जावक क्रमांक नव्हता.

मी हणमंतराव, जिल्हा परिषदेतून सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक. चौतीस वर्षं कागद हाताळले, आता गुरुपादप्पांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. बँकेचं नाव मी इथे लिहीत नाही. माझं निवृत्तिवेतन तिथेच जमा होतं.

ते क्रेडिट कार्ड गुरुपादप्पांनी मागितलेलं नव्हतं. मागच्या वर्षी मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला गेले, तेव्हा ठेवीसोबत मिळालं. त्यांनी ते घरी आणून तिजोरीत ठेवलं. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीशेजारी मांडून त्यालाही हळदकुंकू वाहिलं, पुन्हा पाकिटात घालून कुलूप लावलं. त्यानंतर त्या कार्डाने दुकानाचं तोंड पाहिलेलं नाही. त्यावरच्या आकड्यांच्या खाचांत अजून कुंकू आहे, हे मी स्वतः तपासलं आहे.

दिवाळीच्या आधी बँकेचं बिल घरी आलं. ते इंग्रजीत असल्याने वाचायला मला बोलावणं आलं. कमलम्मा वहिनी चहा ओतत होत्या. मी माझ्या सवयीप्रमाणे मोठ्याने आणि सावकाश वाचलं.

"सागरतळ सफर, मालदीव. कपल पॅकेज, दोन व्यक्ती. रुपये अठरा हजार सहाशे चाळीस."

"दोन म्हंजे?" वहिनींनी विचारलं.

"जोडपं," मी खुलासा केला. चौतीस वर्षांत मी कधी अर्धवट खुलासा केलेला नाही.

वहिनींनी किटली खाली ठेवली. त्यांचं माहेर बसवकल्याणकडचं, कानडी. सगळं सुरळीत असतं तेव्हा त्या मराठी बोलतात. "यारु अवळु?" त्या म्हणाल्या, आणि मग आम्हाला नीट कळावं म्हणून मराठीतही म्हणाल्या, "कोण ती?"

"कुणीबी न्हाई गं!" गुरुपादप्पा ताडकन उठले. "मी तर मोंढ्यात हुतो. हणमंतराव, तुमी सांगा की. तुमी हुताव ना ओट्यावर?"

मी होतो. मी त्यांना पाहिलंही होतं. पण हातात छापील कागद असताना नुसत्या डोळ्यांवर विसंबून मत देणं मला जमेना. मी म्हणालो, "तोंडी काही सांगणं योग्य होणार नाही. आधी बँकेकडून खुलासा मागवू."

त्या दिवसापासून गुरुपादप्पांना घरात जेवण मिळत राहिलं, पण बोलणं बंद झालं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच घडत होतं. अठरा हजार गेल्याचं त्यांना वाईट वाटत होतं, नाही असं नाही. आडत्याला अठरा रुपयांचंही वाटतं. पण खरा घोर वेगळा होता. ज्या माणसाच्या नुसत्या शब्दावर मोंढ्यात ट्रकभर माल उतरतो, त्याच्या शब्दावर घरात कोणी भाकरी वाढताना मान वर करेना.

"हणमंतराव," ते मला ओट्यावर म्हणाले, "पैशाचं जाऊ द्या. बँकेनं एवढंच लिहून द्यावं की मी गेलो न्हाई. ते एकदा हिच्या पुढं ठेवतो."

इथे गुरुपादप्पांच्या हातून पहिली चूक झाली. मोंढ्याची एक रीत आहे. बाकी अंगावर ठेवून कोणी भांडत नाही. आधी पैसे मोजून टाकायचे, पावती खिशात घालायची, मग बाह्या सरसावायच्या. म्हणजे पैसे बुडवायला भांडतोय असं म्हणायची कोणाची टाप राहत नाही. या रीतीप्रमाणे गुरुपादप्पा बँकेत गेले, खिडकीवर सगळी रक्कम मुदतीच्या चार दिवस आधी भरली, पावती घडी करून खिशात ठेवली, आणि मग तक्रारीच्या टेबलाकडे वळले.

त्या टेबलावर पुनम मॅडम बसतात. मुलगी नांदेडची, स्वभावाने गोड. कोणालाही नाही म्हणताना तिला खरोखर वाईट वाटतं, आणि दिवसभर तिला तेच काम असतं.

"अप्पा, तुम्ही तर पैसे भरले की," ती पडद्याकडे बघत म्हणाली.

"हाव. भरलो."

"मग तक्रार कशाची?"

"मी गेलोच न्हाई, त्याची."

"न जाता कोणी पैसे भरतं का, अप्पा? सिस्टीममध्ये बघून राहिले ना मी. पूर्ण रक्कम, मुदतीच्या आधी, एका दमात. याला सिस्टीम व्यवहार मान्य केला असं समजते."

गुरुपादप्पांनी जरा विचार केला. "अन् भरलो नसतो तर?"

"तर थकबाकीदार झाला असता. थकबाकीदाराची तक्रार आम्हाला घेता येत नाही."

हे ऐकून गुरुपादप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी मान डोलावली. तरतूद निर्दोष होती. अशी तरतूद आमच्या जिल्हा परिषदेत करायला तीन समित्या लागल्या असत्या.

"बरं, कार्ड हरवलं का?" मॅडमनी मदतीच्या भावनेने विचारलं.

"न्हाई. तिजोरीत हाय. किल्ली माझ्या करदोट्याला हाय."

"म्हणजे तुमच्याच ताब्यात. मग दुसरं कोण वापरणार?"

"तेच तर इचारायलाव, माय."

"चोरीला गेलं असतं तर सोपं होतं, अप्पा. चोरीचा स्वतंत्र फॉर्म आहे. तुम्ही एवढं जपून ठेवलं, तिथंच अडलं."

"अन् ते ओटीपी का काय, ते तर आलंच न्हाई मोबाईलवर."

"परदेशातल्या काही व्यवहारांना ओटीपी लागत नाही."

"का बरं?"

"तुमच्या सोयीसाठी."

गुरुपादप्पांनी मग हुकमाचं पान टाकलं. "माझ्याकडं पासपोर्टच न्हाई! जाईन कसा?"

पुनम मॅडमनी दचकून इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अप्पा, हे दुसऱ्या कोणाला बोलू नका. पासपोर्ट नसताना देश सोडला, असं वर कळवलं तर तुमच्यावरच केस होईल. मी ऐकलं नाही असं समजते."

आम्ही तिचे आभार मानून बाहेर पडलो. त्या दिवशी आपण केवढ्या संकटातून वाचलो, हे गुरुपादप्पांना पायऱ्या उतरताना कळलं, आणि राग यायला घरापर्यंत वेळ लागला.

मग मी रीतसर अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जागच्या जागी. तेविसाव्या दिवशी उत्तर आलं, तेही मराठीत. ते मी अक्षरशः उतरवून देतो: "आपल्या तक्रारीची सखोल चौकशी करण्यात आली असून, आपण व आपणासोबतच्या व्यक्तीने सदर सेवेचा लाभ घेतल्याचे निष्पन्न झाले आहे. आपली सफर आनंददायी झाली असेल, अशी आशा आहे."

आम्ही पुन्हा टेबलापाशी गेलो. चौकशी कशी केली, असं मी विचारलं.

"त्या कंपनीला मेल टाकला होता," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी कळवलं की हो, आले होते."

"म्हंजे ज्यानं चोरी केली त्यालाच इचारलाव?" गुरुपादप्पांचा आवाज चढला.

"मग दुसरं कोणाला विचारणार, अप्पा? तिथं हजर तेच होते."

पत्र घरी न्यायचं की नाही यावर गुरुपादप्पा दोन दिवस विचार करत होते. पण वहिनींनीच ते बंडीच्या खिशातून काढलं आणि मला बोलावलं. "आपणासोबतच्या व्यक्तीने" हे शब्द त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. मग विचारलं, "हणमंतराव, तुमी लिहिल्या-वाचल्याली माणसं. हा कागद खरा हाय का?"

"वहिनी, यावर जावक क्रमांक आहे, गोल शिक्का आहे, अधिकाऱ्याची सही आहे," मी म्हणालो. कागद खरा असण्यासाठी आणखी काय लागतं, ते मला चौतीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आता वाटतं, त्या वेळी मी जीभ चावली असती तर बरं झालं असतं. वहिनी आत गेल्या आणि गुरुपादप्पांचं अंथरूण पडवीत आलं.

त्यानंतर बँक गुरुपादप्पांवर प्रसन्न झाली. महागडी सफर करून वेळेआधी पैसे भरणारा ग्राहक लातूर शाखेला क्वचित मिळतो. त्यांचं वर्गीकरण 'जलक्रीडाप्रेमी' या गटात झालं. कार्डाची मर्यादा दुप्पट झाली. आणि एक दिवस दुकानावर एक भेट आली: पाण्याखाली घालायचा निळा चष्मा आणि तोंडात धरायची वाकडी नळी. खोकं हमालांच्या देखत उघडलं गेलं. दुपारच्या लिलावापर्यंत मोंढाभर झालं.

ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तिथे समुद्राच्या तळाशी जाऊन आलेल्या माणसाकडे लोक आदरानेच बघणार. सोयाबीनचा भाव विचारायला आलेले शेतकरी भाव विसरून भलतंच विचारायला लागले.

"अप्पा, खाली लई गार असतंय का हो?"

"अप्पा, मासे अंगाला लागतेत म्हणं?"

आणि एकाने, डोळा बारीक करून, "अप्पा, संगं कोण हुतं?"

गुरुपादप्पा आधी समजावून सांगायचे. मग ओरडायला लागले. ओरडल्यावर तर लोकांची खात्रीच पटली. खोटा आळ आलेला माणूस एवढा चिडत नाही, असं बाजूच्या दुकानातले मुनीम मला म्हणाले. खोटा आळ आल्यावर माणसाने किती चिडावं याचं प्रमाण काय, ते मात्र त्यांनाही सांगता आलं नाही.

अशात एके सकाळी रेणापूरकडचे किशनराव दुकानात आले. जुनं गिऱ्हाईक. माल न आणता आले होते.

"अप्पा, एक काम हाय. माझी पाण्याची मोटार हिरीत पडली. साठ फुटावर गाळात बसलीय."

"मग मी काय करू?"

"एक बुडी मारा की. दोर बांधून येवा, आमी वर वढतो. तुमी समुंदर केलेलाव, तुमाला हिरीचं काय!"

"किशनराव, देवाशपथ सांगतो, मला गुडघाभर पाण्यात भ्या वाटतंय. मला पोहता येत न्हाई!"

किशनराव हसून माझ्याकडे वळले. "बघितलाव? मोठी माणसं अशीच बोलत्यात. जरा सुदीक घमंड न्हाई."

त्याच वाक्याने मला वाट दिसली. गुरुपादप्पांना पोहता येत नाही! मी त्यांना घेऊन तडक बँकेत गेलो. पुनम मॅडमनी ऐकून घेतलं, पडदा चाळला आणि म्हणाल्या, "असं असेल तर सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणा. पोहता येत नसल्याचा. मी स्वतः वर पाठवते."

तहसील कार्यालयात नायब तहसीलदार आनंदराज यांनी आमचा अर्ज दोन वेळा वाचला. तरुण अधिकारी, पण कागदाची जाण असलेला.

"आम्ही असण्याचे दाखले देतो," ते म्हणाले. "रहिवासी असल्याचा, शेतकरी असल्याचा, हयात असल्याचा. नसण्याचा नमुना आमच्याकडे नाही."

"साहेब, नॉन-क्रीमी लेअर," मी म्हणालो.

आनंदराज खुर्चीत ताठ झाले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला नोकरीत असताना एकाही वरिष्ठाकडून मिळाली नव्हती. "बरोबर. पूर्वाधार आहे. पण खात्री करावी लागेल. प्रत्यक्ष."

प्रत्यक्ष खात्रीसाठी पाणी हवं. गावातला पोहण्याचा तलाव उन्हाळी सुट्टीत उघडतो, आणि तेव्हा तो कोरडा असतो. टँकर मागवावा तर तो किती खोल, हा प्रश्न आला. शेवटी किशनरावांनी आपलं शेततळं देऊ केलं. अप्पा एकदा पाण्यात उतरले की लाजेकाजेस्तव विहिरीचंही बघतील, असा त्यांचा हिशोब होता.

ठरलेल्या दिवशी शेततळ्याच्या काठावर दोन पंच, तलाठी, आनंदराज, मी आणि जवळपास सगळं गाव हजर होतं. एकसष्ट वर्षांचे गुरुपादप्पा धोतर खोचून काठावर उभे राहिले. कमरेला सोयाबीनच्या पोत्यांचा दुहेरी दोर होता, त्याचं दुसरं टोक चार गड्यांच्या हातात. गळ्यातलं इष्टलिंग त्यांनी डाव्या हाताने छातीशी घट्ट धरलं.

"अर्जदाराने हातपाय मारू नयेत," आनंदराजांनी सूचना दिली. "निष्कर्ष संदिग्ध होईल."

"शिवा, शिवा," म्हणून गुरुपादप्पा उतरले आणि दिसेनासे झाले.

मी वेळ टिपली. आनंदराजांनी पंचांना विचारलं, "बुडाले, यावर एकमत आहे का?" एक पंच हो म्हणाला. दुसरा म्हणाला, जरा थांबून बघू, आपणहून वर येतेत का ते. तेवढ्यात किशनराव बोंबलले, "वढा रे! मरतंय ते!" आणि गड्यांनी दोर खेचला.

गुरुपादप्पा वर आले. नाकातोंडातून पाणी, डोळे लाल, धोतराला शेवाळ. मला वाटलं आता हा माणूस मला शिव्या घालणार. पण ते खोकत खोकत हसत होते, आणि काठावर बसलेल्या प्रत्येकाला सांगत होते, "बघितलाव? बुडालो! सगळ्यांच्या म्होरं बुडालो!" दोन महिन्यांत त्यांचं म्हणणं पहिल्यांदाच लोकांनी डोळ्यांनी पाहून मान्य केलं होतं. खरं सांगतो, मला भरून आलं. मी ते पंचनाम्यात घेतलं नाही, कारण तसा रकाना नव्हता.

दाखला असा मिळाला: "अर्जदार पाण्यात उतरताच विनाविलंब बुडाला. त्यास बाहेर काढेपर्यंत त्याने स्वतःहून वर येण्याचा कोणताही यशस्वी प्रयत्न केला नाही. सबब त्यास पोहता येत नसल्याची खात्री झाली. सदर दाखला सहा महिन्यांकरिता वैध राहील."

दुसऱ्या दिवशी बँकेत जायला निघालो, तर कमलम्मा वहिनी इरकल साडी नेसून दारात उभ्या. "मीबी येते," त्या म्हणाल्या. "बघते कोण हाय ते दुसरं माणूस." रिक्षात त्या माझ्या आणि गुरुपादप्पांच्या मधोमध बसल्या, पण तोंड माझ्याकडे करून.

पुनम मॅडमनी दाखला वाचला. मग विभागीय कार्यालयाला फोन लावला, बराच वेळ हं हं केलं, आणि फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"अप्पा, काम झालं! पैसे परत मिळणार. पूर्णच्या पूर्ण!"

गुरुपादप्पांनी हात जोडले. वहिनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळल्या.

"म्हंजे मी गेलो न्हाई, हे कबूल झालं?"

"नाही नाही. गेल्याचं तर सिद्ध झालंय, ते बदलत नाही. पण बघा, सफरीच्या पॅकेजमध्ये पोहण्याचं प्रशिक्षण होतं. तुम्हाला अजून पोहता येत नाही, याचा सरकारी दाखला आहे. म्हणजे त्यांनी शिकवलंच नाही! ही सेवेतली त्रुटी झाली. फसवणुकीत पैसे मिळत नाहीत, त्रुटीत मिळतात. फक्त इथं सही करा."

तिने एक फॉर्म पुढे सरकवला. मी तो वाचून दाखवला, या वेळी जरा हळू आवाजात. "मी व माझ्या सोबतीने दिनांक अकरा ऑक्टोबर रोजी सदर सफरीचा लाभ घेतला; परंतु आमचे समाधान झाले नाही." खाली दोन रेघा. एक ग्राहकाच्या सहीची. दुसरी सोबतीच्या नावाची.

"पण मी गेलो न्हाई," गुरुपादप्पा म्हणाले.

"अप्पा, ती नुसती फॉर्मॅलिटी आहे. कोण बघतं?"

"सोबतीचं नाव काय लिहू?"

"काहीही लिहा. वहिनींचं लिहा की. रिकामं तेवढं सोडू नका, सिस्टीम घेत नाही."

मीही सांगितलं, करून टाका. बँकेचा दारवान बंदूक खांद्याला अडकवून जवळ आला होता, तोही म्हणाला, करून टाका. मागे रांगेतल्या लोकांनी गोष्ट समजून घेतली आणि एकमताने म्हणाले, करून टाका हो अप्पा, अठरा हजार काय झाडाला लागलेत? मला आठवतं, त्या टेबलाभोवती कधी नव्हे एवढी एकजूट होती. बँक, ग्राहक आणि सेवानिवृत्त शासन एका बाजूला होतं.

गुरुपादप्पांनी पेन उचललं. टोपण काढलं. फॉर्मकडे बघत राहिले. मग टोपण परत लावलं आणि पेन मॅडमच्या पुढे ठेवलं.

"न्हाई जमत, माय," ते म्हणाले. "दोन महिने मी गावभर बोंबलत फिरायलाव की मी गेलो न्हाई. बुडून दाखवलो. आता अठरा हजारासाठी गेलो म्हणून लिहून देऊ? पैसे ठेवा तुमच्याकडं."

"अप्पा, विचार करा. ही संधी पुन्हा उघडणार नाही."

"इचार केलो. आमच्या मोंढ्यात पैसे परत घेताना खोटं बोलत नसतेत. देतानाबी न्हाई."

कमलम्मा वहिनी उठल्या. मला वाटलं त्या नवऱ्याला काही म्हणतील, पण त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हणमंतराव, तुमच्या त्या छापील अन् शिक्क्याच्या कागदांवर मी ह्यांच्याशी दोन महिने बोलले न्हाई. पडवीत झोपवले. हा माणूस कोथिंबिरीच्या दोन रुपयासाठी भाजीवालीला पार कोपऱ्यावरून वापस बोलवतोय. तो अठरा हजार सोडायलाय. ह्याच्याहून मोठा दाखला तुमच्या कुठल्या हापिसात मिळतो, तेवढं सांगा."

वहिनी गुरुपादप्पांना म्हणाल्या, "चला. घरी धपाटे टाकते," आणि दोघे माझी वाट न बघता निघून गेले. जाताना गुरुपादप्पा काहीतरी बोलले आणि वहिनी हसल्या, एवढं मी काचेच्या दारातून पाहिलं.

बँकेने त्याच दिवशी प्रकरण बंद केलं. शेरा असा: "ग्राहकाने परताव्यास नकार दिला. यावरून ग्राहक सेवेबाबत पूर्ण समाधानी असल्याचे दिसून येते." पुनम मॅडमना त्या महिन्याचं प्रशस्तिपत्रक मिळालं. मुलगी चांगली आहे, मला आनंदच झाला.

मोंढ्यात मात्र गोंधळ उडाला. दोन महिने जे गुरुपादप्पांना खोटारडा म्हणत होते, ते आता त्यांना खुळा म्हणायला लागले. हे दोन्ही आरोप एकाच माणसावर कसे बसतात, ते कळावं म्हणून मी एक तक्ता तयार केला. सगळी हकीगत जशी घडली तशी, म्हणजे आपण आत्ता वाचली तशी, चार जणांना वाचून दाखवली आणि प्रत्येकाला विचारलं, तुम्ही सही केली असती का? बाजूच्या मुनीमांनी बँकेला चोर म्हटलं, आणि केली असती म्हणाले. किशनरावांनी त्याहून वाईट शब्द वापरला, आणि केली असती म्हणाले. आनंदराजांनी नाव न छापण्याच्या अटीवर होकार दिला. चौथा मी.

पाचव्या ओळीत आपण आहात, वाचकहो. पुनम मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला तेव्हा आपण मनातल्या मनात काय म्हणालात, ते विचारायला मी आपल्या घरी येऊ शकत नाही. म्हणून आपल्या नावापुढे मी 'होय' लिहून ठेवलं आहे. हरकत असल्यास ती सबळ पुराव्यासह पंधरा दिवसांच्या आत नोंदवावी. अन्यथा नोंद आपणास मान्य आहे असे समजण्यात येईल.